'बरो आसंय' म्हणायची बंदी

आमच्या ओटीवर बसून 'बरो आसंय' असं म्हणायला वर्षभर बंदी होती. ती सरकारने घातलेली नव्हती, डॉक्टरांनीही नाही. घातली होती बंदराच्या कचेरीतून कधीच निवृत्त झालेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी. त्यांचं आमच्याशी रक्ताचं नातं सोडाच, जमिनीचं भांडणसुद्धा नव्हतं.

आपल्याकडे कोणी "कसो आसंस?" म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं. पुरुष असला तर बरो आसंय, बाई असली तर बरी आसंय. माणूस कण्हत असो, खोकत असो, भिंतीला धरून उभा असो, तो बरोच असतो. वाईट आहे म्हटलं तर बातमी संध्याकाळपर्यंत मुंबईला पोचते, मुलगा रजा टाकून निघतो आणि सगळ्यांची उगाच धावपळ होते. मी याच परंपरेतला. मालवणात आमची लहानशी खानावळ आहे. हार्ट अटॅक आला त्या दुपारी मी तव्यावर सुरमईच्या तुकड्या उलटत होतो, घामाने निथळत होतो, आणि बायकोने विचारलं तेव्हा म्हणालो, "बरो आसंय गो, गॅस झालो." आमच्या किनाऱ्यावर छातीत काहीही झालं तरी पहिल्यांदा तो गॅसच असतो. मी सोडा प्यायलो, पर्यटकांना दोन ताटं वाढली आणि तिसरं वाढताना ताटासकट खाली बसलो.

मला गोव्याला नेलं, रक्तवाहिनीत स्टेंट बसवला (बायको त्याला अजून स्प्रिंगच म्हणते) आणि घरी आणलं. दारात नारळ ओवाळून फोडला. शेजारणीने पेढे आणले होते. ती मला पेढा भरवणार तेवढ्यात हे गृहस्थ खळ्यातून, म्हणजे पुढच्या अंगणातून, चालत आले. आकाश स्वच्छ, तरी हातात छत्री. पायात कॅनव्हासचे बूट. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं, म्हणजे वेळ बघताना ते स्वतःचाच तळहात वाचत असल्यासारखे दिसत. त्यांनी पेढा मध्येच अडवला, स्वतः खाल्ला आणि मला म्हणाले,

"सुटलंय असा वाटता मां तुका? सुटूक नाय तू. जामिनावर इलंस."

तोंडावर सगळे त्यांना काका म्हणत. पाठीमागे बावटेकाका. बंदरात वादळाचा इशारा आला की काठीवर बावटा चढवायचा, ही त्यांची उभ्या आयुष्याची नोकरी. काकांनी तीन नंबरचा बावटा लावला की होड्या पुळणीवर ओढल्या जायच्या. निवृत्त झाल्यावर चढवायला बावटा राहिला नाही, तेव्हा त्यांनी माणसांच्या छातीकडे मोर्चा वळवला. अटॅक येऊन घरी परतलेला कोणीही आसपास असला की काका न बोलावता त्याच्या घरी हजर. वैद्यकीचं शिक्षण शून्य. डॉक्टर सांगतील ते ऐकायचं, आणि ते पेशंटकडून करून घ्यायचं, एवढाच त्यांचा अभ्यासक्रम. त्यातही ते चुकत. डॉक्टरांनी खोबरं कमी करा म्हटलं, काकांनी त्याची संपूर्ण नारळबंदी केली. मालवणात नारळबंदी. मी डॉक्टरांना फोन लावून, थोडं चालेल हे वाक्य त्यांना ऐकवलं. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, फोनावर आवाज नीट येत नाही.

पहिल्या आठवड्यात आमच्याकडे समाचाराची जत्रा भरली. येणारा माणूस केळी आणायचा आणि केळ्यांबरोबर एक गोष्ट. कोणाच्या मेव्हण्याला अस्संच झालं होतं, घरी आला, हसला-बोलला, आणि आंघोळीला गेला तो गेलाच. ही गोष्ट मला चार वेगवेगळ्या मेव्हण्यांची ऐकायला मिळाली. परिणाम असा की मी न्हाणीघराची कडी लावायला घाबरू लागलो. बायको दाराबाहेर उभी राहून "आसास मां?" विचारायची आणि मी आतून "आसंय" म्हणायचो. पन्नाशीचा माणूस मी.

काकांनी चौथ्या मेव्हण्यानंतर आमच्या खानावळीतला बूड करपलेला टोप मागून घेतला, बांबूच्या टोकाला उलटा टांगला आणि बांबू खळ्याच्या कडेला रोवला. टोप वर असला की समाचार बंद. लोकांना आधी कळेना. मग काका गेटाशी छत्री आडवी धरून प्रत्येकाला समजावू लागले. गावात बोभाटा झाला की माझी तब्येत इतकी बिघडली आहे की घरावर टोप चढवला आहे. अजून काही जण मला त्या टोपावरून हाक मारतात.

जे कोणी टोप खाली असताना येत, त्यांच्यासमोर ती बंदी. "कसो आसंस?" म्हणून विचारलं आणि मी 'बरो' मधला 'ब' काढला की कोपऱ्यातल्या खुर्चीतून आवाज येई, "ता सोडून सांग." मग मला सांगावं लागे. जिना चढताना दम लागला. पायाला सूज नाही. सकाळची गोळी घेतली. दुपारी काही कारण नसताना रडू आलं. विचारणाऱ्या माणसाने आपलं शिष्टाचार म्हणून विचारलेलं असे, आणि त्याला समोरून हवामानाचं वार्तापत्र मिळे. पुष्कळांनी मला कसा आहेस हे विचारणंच सोडलं. ते सरळ मासे कसे दिले म्हणून विचारत.

भीती वाटते म्हणून सांगितलं तर काका धीर देतील अशी माझी समजूत होती. तशी काही रीत त्यांच्याकडे नव्हती. "घाबरलंस? घाबर," ते म्हणाले. "पण चलता चलता घाबर." आणि मला पुळणीवर घेऊन गेले.

चालण्याचा त्यांचा नियम एकच. बोलत चालायचं. बोलता येतंय तर वेग बरोबर. गाणं म्हणता येतंय तर वायच, म्हणजे जरा, जोरात. बोलणं तुटायला लागलं की थांबायचं. हा नियम मूळ डॉक्टरांचा, पण काकांनी त्यातला 'बोलायचं' हा भाग फार मनावर घेतला. मी गप्प झालो की ते छत्रीने ढोसत. माझ्या बडबडीला आयुष्यात पहिल्यांदा औषधाचा दर्जा मिळाला, त्यामुळे मी काय सोडतो? आमच्या घराण्यातल्या सगळ्या गोष्टी मी त्या सुरूच्या बनाच्या कडेने सांगून संपवल्या. निवडणुकीत स्वतःचंही मत न मिळालेले आजोबा, लग्नात नवऱ्याऐवजी करवल्याला हार घातलेली मावशी. आमच्या बाजूचे संपले तेव्हा बायकोच्या माहेरचे घेतले. काका हसत नसत. होय नाही, काही नाही. नजर पुढे. मला वाटे, भिंतीशी बोलतो आहे. पण दुसऱ्या दिवशी होडीच्या सावलीत पोचलो की ते विचारत, "मगे त्या तुझ्या मावशेचा काय जाला?"

एकदा ते आले नाहीत म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. किरकोळ ताप होता. घर लख्ख झाडलेलं. खुर्च्या दोन, त्यातल्या एकीवर छत्री बसलेली. रेडिओवर मच्छीमारांसाठी हवामान चालू. चुलीवर पेज, बाजूला लोणच्याची फोड. लोणचं! आमच्या घरातलं लोणचं ज्यांनी विहिरीपलीकडे नेऊन पुरलं त्या माणसाच्या बशीत लोणच्याची फोड. मी बघतोय हे बघून ते म्हणाले, माझ्या छातीला काही झालेलं नाही.

ते रोज संध्याकाळी फिरून आल्यावर आमच्या स्वयंपाकघरात मीठ तपासायला बसत. ही तपासणी आमटीच्या वाटीपासून सुरू होई. मग भात, मग भाजी, मग माशाची तुकडी, कारण माशात मीठ लपतं असं त्यांचं म्हणणं. आमची बायको हुशार. तिच्या ध्यानात माझ्या आधी आलं. ती हळूहळू तपासणीची वाटी मोठी करत गेली, मग वाटीचं ताट झालं. ताट वाढताना ती म्हणायची, "काकानू, बघा हां, आज माका मिठाचो अंदाज येवक नाय." काका शेवटच्या शितापर्यंत तपासून "बरोबर आसा" म्हणत आणि जात.

बंदीचं कारण मात्र त्यांनी एकदाच सांगितलं, तेही चालता चालता. त्या दिवशी माझ्याकडे गोष्ट नव्हती. मी म्हटलं, आज तुम्ही बोला, तुमचा वेग बघू. 

"तीय अशीच इस्पितळातून इली," ते म्हणाले. ती म्हणजे त्यांची बायको. "जो येय तेका सांगी, बरी आसंय. माकाय तसांच. बरां वाटाक लागला म्हणान गोळ्यो बंद केल्यान, ता कोणाक सांगूक नाय. सकाळी विचारलंय, कशी आसंस. बरी आसंय म्हणाली. दुपारी गेली."

मी थांबलो. त्यांनी मला छत्रीने ढोसलं.

"साऱ्या दर्याक मी लांबसून बावटो दाखवी," ते पुढे जात म्हणाले. "घरातलो माका कोणी दाखवूक नाय."

त्यांची मुलगी डोंबिवलीला. रोज संध्याकाळी तिचा फोन. काका आडाजवळ घसरून पडले होते तेव्हापासून तिचा एकच धोशा, घर बंद करा आणि इकडे या. मुलगी चांगली, जावई चांगला, त्यांच्यासाठी वेगळी खोली रंगवून ठेवलेली. काकांचं उत्तर ठरलेलं असे, पेशंट आसा. पूर्वी ते खरंही होतं. पण त्यांचे पेशंट एकेक करून बरे झाले आणि बरं झालेल्या माणसाला रोज संध्याकाळी काकांबरोबर फिरायचं कशाला? एक जण मुलाकडे मुंबईला गेला. एक जण, काका सांगत होते तरी, बिडी ओढत राहिला आणि गेला. शेवटी मी एकटा उरलो. हे मला मुलीच्या फोनवरून कळलं.

"भाऊ," ती म्हणाली, "बाबा म्हणतात, एक पेशंट आहे, तो बरा झाला की येतो. राग मानू नका, पण तुम्ही कधी बरे होताय?"

मी हसलो, ती पण हसली. फोन ठेवल्यावर मात्र मला हसू येईना. काकांना डोंबिवलीला जायचं नव्हतं. न जाण्यासाठी त्यांच्याकडे माझ्या हृदयाखेरीज दुसरं कारण नव्हतं. आणि ते हृदय ते स्वतःच्याच हाताने रोज दुरुस्त करत होते.

वर्षाच्या शेवटी कुडाळच्या डॉक्टरांकडे तपासणी झाली. काका माझ्याबरोबर एसटीने आले. डॉक्टरांनी सगळे कागद पाहिले, मला सरकत्या पट्ट्यावर चालवलं, खूश झाले. गोळ्या सोडायच्या नाहीत, तंबाखूकडे बघायचं नाही, बाकी आता एकटे फिरलात तरी चालेल, असं म्हणाले. एकटे हा शब्द त्यांनी सहज वापरला. परतीच्या गाडीत मी भरभरून बोलत होतो आणि काका खिडकीतून बाहेर बघत होते. स्टॉपवर उतरलो तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं, स्वतःचा हात उलटा करून घड्याळ बघितलं.

"वायच जलद लागता," ते म्हणाले. "अजून थोडे दिवस माझ्यावांगडा चल."

माझी नाडी डॉक्टरांनी नुकतीच तपासली होती. ती अगदी शहाण्यासारखी चालत होती हे मला माहीत होतं आणि काकांनाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी म्हणालो, "होय काकानू, माकाय तसांच वाटता."

झालं. आमचं फिरणं चालू राहिलं. मुलीला मीही फोनवर सांगितलं की अजून थोडं लक्ष ठेवावं लागतंय. मला वाटलं, यात कोणाचं काय बिघडतं? पण घरात तिसरं माणूस होतं. काकांनी मीठ तपासता तपासता बायकोला सांगून ठेवलं होतं, अजून वायच लक्ष होया. ती वर्षभर त्या तपासणीच्या दिवसावर डोळे लावून बसलेली. डॉक्टर चांगलं म्हणतात आणि काका असं म्हणतात, म्हणजे डॉक्टरांना न दिसलेलं काहीतरी काकांना दिसलं आहे, असं तिने धरलं. तिने मला तव्याजवळ येऊ देणं बंद केलं. मोसमाची आगाऊ मागणी घ्यायला नकार दिला. फोन घेऊन विहिरीवर जायला लागली. एका दुपारी मी ओटीवर जरा डुलकी काढत होतो, तर तिने मला दोन्ही खांद्यांना धरून गदगदा हलवलं. मी जागा झालो आणि तिचा चेहरा बघितला. मी नुसता झोपलो होतो, एवढंच.

त्या संध्याकाळी फिरून आलो. काका नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात जाऊन बसले. तिने ताट वाढलं नाही. दाराला टेकून उभी राहिली.

"काकानू, डॉक्टर एक सांगतत, तुमी एक सांगतास. आज माका खरां सांगा. हेंचा काय आसा?"

मी तोंड उघडलं होतं. काकांनी हात वर केला, बंदरावर एखाद्या होडीला थांबवावं तसा. मग तो हात हळूहळू मांडीवर आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, समोर ताटासाठी मांडलेल्या रिकाम्या पाटाकडे पाहिलं.

"काय एक नाय, बाय," ते म्हणाले. "तुझो घोव बरो आसा."

वर्षभरात आमच्या घरात तो शब्द कोणी उच्चारला नव्हता. बायको तिथेच जमिनीवर बसली आणि रडली. मग उठली, डोळे पुसले आणि ताट वाढलं. सगळं वाढलं. काकांनी एकाही वाटीवर मिठाबद्दल शेरा मारला नाही. मुकाट्याने जेवले, आणि कधी नव्हे ते आपलं ताट आपणच घासलं.

मी गेटापर्यंत त्यांच्याबरोबर गेलो. ते म्हणाले, "चेडवाक फोन लावतंय. ये म्हणान सांगतंय."

मी धीर करून म्हणालो, "काकानू, मी बरो झालंय ता खरां. तरी सांजेक येवा तुमी."

ते थांबले. खरोखरच न कळून त्यांनी विचारलं, "कित्याक?"

घराण्यातल्या सात पिढ्यांच्या गोष्टी सांगणारा मी, मला एक शब्द सुचेना. शेवटी म्हणालो, "चायेक."

"चाय तुका एकदाच सांगली हा डॉक्टरान," ते म्हणाले आणि छत्री टेकत गेले.

त्या कित्याकला नंतर मला पुष्कळ उत्तरं सुचली. ती सगळी मी पुळणीवर एकट्याने चालताना मोठ्याने म्हणून पाहिली आहेत. एकही धड नाही.

मुलगी आली. दोन दिवसांत घर आवरलं. कुडाळ स्टेशनवर काकांनी मला बजावलं की जिभेखालची गोळी प्रत्येक शर्टाच्या खिशात पाहिजे. तेवढं बोलून डब्यात चढले ते खिडकीत आले नाहीत. सुरुवातीला डोंबिवलीहून त्यांचा फोन यायचा, तोही गोळ्यांची चौकशी करण्यापुरता. तिकडे हार्टवाला कोण सापडला का, मी विचारलं. इमारतीत पुष्कळ आहेत, ते म्हणाले, पण दार उघडत नाहीत.

गेल्या पावसाळ्यानंतर त्यांना झटका आला, डोक्याचा. वाचा गेली. मुलीने मला कळवलं आणि म्हणाली, भाऊ, ते कोणालाच काही प्रतिसाद देत नाहीत, पण तुम्हाला जमलं तर बोला, मी फोन कानाशी धरते. तेव्हापासून संध्याकाळी फिरायला निघालो की मी तिला फोन लावतो. घराण्यातले सगळे सांगून केव्हाच संपले आहेत, त्यामुळे हल्ली मी रचून सांगतो. बायकोचा एक काल्पनिक मामा मी तीनदा परदेशी पाठवला आणि दोनदा बुडवला. वाऱ्यात पलीकडचं काही ऐकू येत नाही. लोकांना वाटतं, या माणसाचा धंदा फार वाढला आहे.

परवा मामाची गोष्ट मध्येच अडली. पुढे काय करायचं ते सुचेना, म्हणून मी थांबलो. मुलीला विचारलं, ऐकतात का ते, की मी उगाचच?

"माहीत नाही, भाऊ," ती म्हणाली. "तुम्ही बोलता तेव्हा डोळे मिटलेले असतात. तुम्ही थांबलात की उघडतात."

पुळण संपत आली होती, पुढे खडक होते. मी वळलो आणि मामाला पुन्हा होडीत बसवलं.